आतला गुळव्या

अण्णांच्या ताटात, मिठाशेजारी,
मी कॅप्सूल ठेवते.
पहिल्या घासाबरोबर एक,
जेवण निम्म्यावर आलं की दुसरी.
सगळं जेवून मग घेतली तर
आदण उतरवल्यावर चुना घातल्यासारखं,
असं डॉक्टर मगदूम आता इतर पेशंटांनाही सांगतात.
हे त्यांनी अण्णांकडूनच उचललं.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर अण्णांनी
काहिलीच्या काठाशी चाळीस हंगाम काढले.
रस कुठल्या रानाचा, किती आंबूस,
वाफेत नाक घालून सांगायचे.
मग वाटीतून चुन्याची निवळी.
कमी पडली तर ढेप धरत नाही,
जास्त झाली तर गूळ काळा पडतो.
माप नव्हतं. अण्णा होते.

त्या फेब्रुवारीत, चुलवण पेटलेलं असताना,
पोटातून पाठीत आरपार कळ गेली.
गुडघे छातीशी धरून ते
पाचटाच्या ढिगावर बसले,
आणि म्हणाले, आधी आदण उतरवा.

राजारामपुरीत डॉक्टरांनी
चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं :
जठराच्या मागं आडवं निजलेलं
कणसाएवढं स्वादुपिंड.
"नाव तर हलवायाच्या दुकानाचं," अण्णा म्हणाले,
आणि हसताना पुन्हा दुखलं.

जठरातून अन्न येतं ते आम्लानं जळजळत.
पहिल्याच वळणावर हे पिंड
सोड्यासारखं खारं पाणी सोडतं,
दिवसाला लिटर-दीड लिटर.
आंबटपणा मेला की मग बाकीचे रस हात चालवतात :
एक भाकरी सोडवतो, एक तूप,
एक मटणाचे धागे.

"म्हंजे आत बी गुळव्याच हाय की!
आन् त्येला दिसतंय कसं, किती घालायचं?"
दिसत नाही. आतड्याच्या भिंतीला आंबट लागलं
की ती रक्तातून निरोप धाडते.
अण्णा कागदाकडं बघत राहिले,
दुसऱ्याच्या काहिलीकडं बघतात तसे.

मटण तोडणारा रस फार धारेचा.
ऊसतोडीची माणसं कोयता फडक्यात गुंडाळून नेतात,
फडात पाय ठेवला की सोडतात,
तसा तो पिंडातून निघतो गुंडाळलेला.
गाठ सोडणारी बसलेली असते पुढं, आतड्यात.
अण्णांच्या वाटेवर पित्ताचा खडा अडला.
दार बंद, मागं तुंबलेला रस,
आणि फडकं घरातच सुटलं.
कोयत्याला काय, ऊस आणि मालक सारखाच.

खडा काढला. पण जळलं ते परत आलं नाही.
अण्णा जेवायचे आणि वाळायचे.
रविवारी तांबड्या रश्श्यावरची तर्री
सोमवारी संडासात तशीच तरंगायची.
हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही;
मी धुताना पाहिलं.

कॅप्सूल कशापासून करतात
हे मी चार महिने दडवून ठेवलं.
डबीवर बारीक अक्षरं होती, त्यांचा चष्मा जुना.
पण माझ्या रोहितनं मोठ्यानं वाचलं,
आणि भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.
"डुकराचं?"
आईनं पदर तोंडाला लावला.
मी पाणी पुढं केलं, उगीचच.

बाहेर उसाची ट्रॉली गेली, गाणी लावून.
ती पार लांब जाईपर्यंत अण्णा गप्प.
मग म्हणाले,
"त्येचा गुळव्या काढून घेतला म्हणायचा.
आन् इचारलं बी नसंल त्येला."
कॅप्सूल उचलली, उजेडाकडं धरली,
पाक बघतात तशी,
आणि पहिल्या घासाबरोबर घेतली.

मग मला म्हणाले, रस्सा वाढ.
वरचा वाढ गं, तळाचा नको.